चिकलठाण्यापर्यंत

बोरीचे दत्तराव रशियाला निघाले ते कापसाच्या पायी. कापूस उत्पादकांच्या कुठल्याशा मंडळानं मराठवाड्यातले काही शेतकरी ताश्कंदला न्यायचं ठरवलं होतं. तिकडची कापसाची शेती बघायची, दोन गोष्टी शिकून यायच्या. जिंतूर तालुक्यातून दत्तरावांचं नाव निघालं. त्यात कुणाची शिफारस नव्हती. त्या साली त्यांच्या काळ्या रानातला कापूस बघायला शेती खात्याचे साहेब आपणहून बांधावर आले होते आणि जाताना एक बोंड रुमालात गुंडाळून घेऊन गेले होते.

दत्तराव पन्नाशीला टेकलेले, अंगानं सडपातळ, बोलायला कमी. लांबचा प्रवास म्हणजे लहानपणी वडलांबरोबर केलेली हैदराबादची वारी, तेवढीच. आता औरंगाबादहून बाकीच्या शेतकऱ्यांबरोबर दुपारच्या विमानानं दिल्लीला जायचं, आणि दिल्लीहून दुसऱ्या दिवशी पहाटे सगळ्या तुकडीनं पुढं. त्यांनी मनाशी सरळ हिशेब केला होता. आदल्या दिवशी सेलूला थोरल्या बहिणीकडं, कस्तुराबाईकडं मुक्काम करायचा आणि सकाळच्या पाशिंजरनं औरंगाबाद गाठायचं. रेल्वे लेट झाली तरी हाताशी वेळ राहील.

सोसायटीचे चेअरमन भगवानराव यांना हा बेत कळला तसे ते घरीच आले.

"रशियाला निघालेला आदमी पाशिंजरनं जाईन का हो? इज्जत कुणाची जायची, तुमची का आमची? सोसायटीची जीप हाय. मी सोता सोडायला येतो. विमानाच्या दारात नेऊन उभं करतो तुमाला. जिम्मा माझा."

भगवानरावांना पंचायत समितीला उभं राहायचं होतं. हे सगळ्या बोरीला माहीत होतं, दत्तरावांनाही. पण दारात आलेल्या माणसाला नाही म्हणणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं.

निघायच्या दिवशी ते उजाडायच्या आत आंघोळ करून, नवा शिवलेला कोट घालून ओट्यावर बसले. कोट काखेत काचत होता. जीप दिवस उगवायला येणार होती. ती आली तेव्हा ऊन ओट्यावरून अंगणात उतरलं होतं. जीपला केळीचे खुंट बांधलेले होते आणि पुढच्या काचेवर झेंडूची माळ. भगवानरावांनी चावडीपुढं सतरंजी अंथरून ठेवली होती. तिथं हार झाले, भाषणं झाली. एक मास्तर रशियाच्या इतिहासावर बोलले, ते बराच वेळ थांबेनात.

दत्तरावांच्या बायकोनं, चतुराबाईनं, ओवाळलं. विमानाची तिला धास्ती होती. कुंकू लावता लावता ती कानाशी पुटपुटली, "वर गेल्यावर खाली बघू नका."

"न्हाई बघत," दत्तराव म्हणाले.

जीप निघाली. जिंतूरला धान्याच्या मोंढ्यात मांडव घातला होता. तालुक्यातले एक मोठे पुढारी येणार होते, ते आल्याशिवाय हार घालायचा नव्हता. दत्तराव लाकडी खुर्चीवर हात गुडघ्यांवर ठेवून बसून राहिले. समोर हमाल, आडते, रिकामटेकडे लोक बसलेले. एकजण सारखा माइकमध्ये फुंकर मारत होता. पुढारी काही येईनात. दत्तरावांनी शेजारी वाकून सांगितलं, "चेअरमनसाहेब, येळ व्हायलाय."

"अहो, विमान म्हंजे काय यष्टी हाय का, घंटी मारली की सुटायला? तिथं नावं लिहिल्याली असतेत. माणूस आल्याबिगर हालत न्हाईत."

भगवानरावही आजवर विमानात बसले नव्हते. पण ते इतक्या ठासून बोलले की दत्तरावांना वाटलं, असेल बाबा तसं.

अखेर पुढारी आले, हार पडले, फोटो निघाला. पुन्हा जीप. चारठाण्याला भगवानरावांचे व्याही राहत. तिथं नुसता चहा घ्यायचा होता, पण आत पंगत मांडलेली निघाली. पाटावर बसवून त्यांनी दत्तरावांच्या ताटात पुरणपोळी वाढली, वर तुपाची धार धरली. दत्तरावांनी एक घास तोंडात घातला आणि तो घास तोंडातच फिरत राहिला. दारातून त्यांना उन्हात उभी असलेली जीप दिसत होती. ड्रायव्हर चाकाशी उकिडवा बसून काहीतरी बघत होता. हे काही खरं नाही, असं त्यांच्या मनात आलं. पण यजमानीण तुपाची वाटी घेऊन समोर उभी होती.

चारठाणा सोडून जरा पुढं आल्यावर चाक बसलं. ड्रायव्हरनं दुसरं चाक काढलं, तर त्यातही हवा नव्हती. सत्काराच्या धांदलीत ते बघायचं राहून गेलं होतं. मग तो चाक घेऊन एका मालट्रकवर बसून मंठ्याकडं गेला, आणि हे दोघं रस्त्याकडेच्या बाभळीखाली बसले. बाभळीची सावली कसली, नुसती जाळी. गळ्यातला झेंडू उन्हानं मलूल झाला होता आणि मानेला खाजत होता. दत्तरावांनी हार काढून बाजूला ठेवला. भगवानराव येरझाऱ्या घालत होते. आधी ते ड्रायव्हरला शिव्या देत होते, मग रस्त्यांना, मग गप्पच झाले.

"रेल्वेनं गेलो असतो तर…" असं दत्तरावांच्या ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं. चिडायलासुद्धा अंगात जोर लागतो. सकाळपासून हसून हसून, हात जोडून जोडून त्यांचा जोर संपत आला होता.

चाक दुरुस्त होऊन आलं. जीप सुटली ती मंठ्याच्या अलीकडं जाऊन थांबली. पुढं ट्रकांची, यष्ट्यांची रांग लागलेली. रस्त्यावर निळे झेंडे दिसत होते. विद्यापीठाच्या नामांतरासाठी रास्ता रोको होता. बाया-बापड्या, तरुण पोरं, म्हातारी माणसं भर उन्हात डांबरावर बसली होती आणि घोषणा देत होती.

भगवानराव उतरून तरातरा पुढं गेले. मी अमुक, माझ्याबरोबर तमुक, असं त्यांनी सांगून पाहिलं. कुणी उठलं नाही. मग दत्तरावच खाली उतरले. रस्त्याच्या कडेला पांढरं धोतर नेसलेला एक वयस्क माणूस झेंडा धरून बसला होता. त्याच्याजवळ जाऊन ते म्हणाले, "दादा, मला दुपारचं विमान गाठायचं हाय. औरंगाबादला."

त्या माणसानं त्यांच्याकडं पाहिलं, कोटाकडं पाहिलं, कपाळावरच्या कुंकवाकडं पाहिलं.

"पाव्हणं, तुमची खोटी व्हावी म्हणून आमी बसलो न्हाई," तो शांतपणे म्हणाला. "तहसीलदार यायलेत निवेदन घ्यायला. ते आले की उठतो. आमी आठ वर्सं झाली वाट बघायलोत. तुमी घटकाभर बघा."

दत्तराव तिथंच कडेच्या दगडावर बसले. त्या माणसानं आपल्या पोराजवळची पाण्याची कळशी त्यांच्याकडं सरकवली. सकाळपासून पहिल्यांदा पोटभर पाणी प्यायले ते तिथं.

तहसीलदार आले, निवेदन झालं, लोक अंग झटकत उठले. रांग हलली. जालन्याला रेल्वेचं फाटक लागलं होतं. मालगाडी आली, फाटकाच्या मधोमध थांबली, मागं सरली, पुन्हा पुढं आली. ड्रायव्हर एकसारखी बोटं मोडत होता. भगवानरावांनी मनगटावरचं घड्याळ बघायचं सोडून दिलं होतं. दत्तरावांना उगाच वाटलं, आता फाटक उघडूच नये. इथंच बसून राहावं. उघडलं की पुन्हा पळायचं, पुन्हा आशा करायची. तिचाच आता त्यांना कंटाळा आला होता.

तरी ते पळाले. आणि चिकलठाण्याच्या विमानतळावर पोचले तेव्हा विमान तिथंच होतं.

हेच सगळ्यांत वाईट झालं. विमान निघून गेलेलं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण ते तारेच्या कुंपणापलीकडं उभं होतं, पांढरं, उन्हात चकाकणारं. दत्तराव हातात पेटी घेऊन धावले. त्यांच्या मागं भगवानराव, धोतराचा सोगा सावरत. आत काउंटरवर एक तरुण माणूस कागद आवरत होता.

"दिल्ली? दार बंद झालं साहेब. जिना काढला."

"पण ते उभं हाय ना अजून," दत्तराव म्हणाले. "मला दिसायलंय इथून."

"दिसतंय, पण आता कुणाला चढता येत नाही." तो माणूस वाईट नव्हता. त्यानं कागद खाली ठेवले. "तुमच्याबरोबरचे लोक फार थांबले होते. त्यांचे साहेब दोनदा बाहेर जाऊन रस्त्याकडं बघून आले. शेवटी त्यांनाही जावं लागलं."

"उद्याचं असंल की," भगवानराव म्हणाले.

"उद्या दुपारचं आहे. पण तुमची मंडळी उद्या पहाटे दिल्लीहून निघणार, असं ते साहेब सांगत होते. मग तुम्ही दिल्लीला जाऊन करणार काय?"

बोलता बोलताच घरघर सुरू झाली. दत्तराव बाहेर येऊन कुंपणाशी उभे राहिले. विमान हळूहळू वळलं, लांबवर गेलं, तिथून पळत आलं आणि उचललं गेलं. केवढं मोठं धूड, आणि कसं सहज उचललं गेलं! पलीकडच्या ज्वारीवरून त्याची सावली सर्रकन गेली. दत्तराव मान वर करून बघत राहिले. ते ठिपक्याएवढं झालं, मग तेही दिसेना. तेव्हा कुठं त्यांच्या ध्यानात आलं की पेटी अजून हातातच आहे.

रस्त्यापलीकडं चहाची टपरी होती. तिथल्या बाकड्यावर दोघं बसले. भगवानराव कितीतरी वेळ बशीत चहा ओतत होते आणि पुन्हा कपात टाकत होते. मग खालच्या आवाजात म्हणाले, "दत्तराव, झालं ते झालं. पण आता आसं माघारी गेलो तर लोकं तोंडात शेण घालतेल. माह्या बी आन तुमच्या बी."

दत्तरावांनी पेटी पायाशी ओढून घेतली.

"दौरा संपस्तोर तुमी सेलूला बहिणीकडं ऱ्हावा. घराभाईर निघू नका. दौऱ्याची मंडळी परत आली की मी जीप घेऊन येतो, वाजत-गाजत गावात नेतो. रशिया बघून आलो म्हणायचं. कोण बघायला गेलंय? बाकीचे समदे बीडाकडचे, नांदेडाकडचे. आपल्यात कोण येतंय सांगायला?"

"आन घरी?"

"घरी बी तेच. बायामाणसाच्या तोंडात काय ऱ्हातंय का?"

भगवानरावांच्या डोळ्यांत पहिल्यांदाच भीती दिसत होती. सकाळचा तो ऐटबाज माणूस कुठं गेला कुणास ठाऊक. दत्तरावांना त्याची कीव आली, आणि त्याहून जास्त म्हणजे, त्यांना आता काहीही बोलायचं नव्हतं. वाद घालायचा म्हणजे शब्द जुळवायचे. थकलेल्या माणसाला हो म्हणणं सोपं जातं. ते "बरं" म्हणाले.

जीप त्यांना औरंगाबादच्या स्टेशनवर सोडून गेली. ते तिथल्याच बाकावर कोटाची उशी करून आडवे झाले आणि सकाळच्या पाशिंजरनं सेलूला उतरले.

कस्तुराबाईचं घर कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या मागच्या आळीत होतं. दारात भावाला बघून तिच्या हातातलं सूप खाली पडलं.

"दत्ता? तू तर…"

"आत चल अक्का, सांगतो."

त्यांनी सांगितलं. ती ऐकत राहिली. हसली नाही, रागावलीही नाही. शेवटी म्हणाली, "आधी आंघोळ कर. मंग जेव. बाकीचं बघू." काल सकाळपासून इतकी माणसं भेटली, पण असं साधं कुणी बोललं नव्हतं.

पहिला दिवस ते नुसते झोपले. दुसऱ्या दिवसापासून मात्र माजघरातला तो अंधार त्यांना खायला उठला. कापसाचा हंगाम भरात होता. आळीतून दिवसभर गाड्या, ट्रॅक्टर जायचे, जिनिंगचा भोंगा वाजायचा, कापसाचा बारीक धुरळा खिडकीतून आत यायचा. आपल्या रानात वेचणी सुरू झाली असेल आणि आपण इथं खिडकीआड बसलोय. बाहेर ओळखीचा आवाज आला की ते दचकून आत सरकायचे. रानात राबून येणारा थकवा त्यांना ठाऊक होता. तो भाकरी खाऊन पडलं की उतरतो. हा थकवा बसून आलेला होता आणि झोपूनही जात नव्हता.

कस्तुराबाईचे यजमान तात्याराव जिनिंगवर वजनकाट्यावर होते. माणूस गमत्या. त्यांना या सगळ्याची मजाच वाटत होती. संध्याकाळी जेवायला बसलं की सुरू व्हायचे.

"दत्तराव, तयारी करा. लोकं इचारतेल, तिथं काय खाल्लं? काय सांगताव?"

"सांगंन भाकरी."

"भाकरी कुठली आलीय रशियात? पाव सांगायचा. काळा पाव. आन थंडी लय, आसं म्हणायचं. नाकातलं पाणी गोठतंय म्हणायचं."

"ताश्कंदात न्हाई म्हणं येवढी थंडी."

"तुमी गेलताव का बघायला?" असं म्हणून तात्याराव हसत सुटायचे. दत्तरावही हसायचे, पण ते हसू गालापाशीच थांबायचं.

शेजारी शांतम्मा म्हणून व्यापाऱ्याच्या घरातली बाई राहायची. गळ्यात लिंग, कपाळावर भस्म, स्वभावानं मायाळू. तिच्या कानावर गेलं की कस्तुराबाईकडं कुणी पाहुणा आलाय आणि बाहेर दिसत नाही. कस्तुराबाईनं सांगून टाकलं, नात्यातले आहेत, तापानं पडलेत. झालं. त्या दिवसापासून शांतम्मा रोज गवती चहाचा नि सुंठीचा काढा करून आणून द्यायला लागली. "आज उतार हाय का?" म्हणून दारातूनच विचारायची. एका सोमवारी तर ती अंगारा घेऊन आली. "आमच्या मठातला हाय. कपाळाला लावा त्यांच्या. माझं गाऱ्हाणं घालून आले मी."

ती गेल्यावर कस्तुराबाई अंगारा हातात घेऊन माजघराच्या उंबऱ्यावर बसली.

"दत्ता, मी काय करू ह्याचं?"

दत्तरावांनी काढ्याचा पेला खाली ठेवला.

"तू आल्यापून माह्या तोंडून रोज येक नवं खोटं निघायलंय. आधी मी म्हणाले ताप हाय. आज इचारलं, कुठले पाव्हणे, तर मी म्हणाले गंगाखेडचे. उद्या ती गंगाखेडची चौकशी करंल. तुला ऱ्हायचं तितकं ऱ्हा बाबा, तू काय मला जड न्हाईस. पण त्या बाईनं देवाला गाऱ्हाणं घातलंय तुह्यासाठी."

"जातो म्हणलं तरी जाऊ कुठं, अक्का?"

तिनं अंगारा देवळीत ठेवून दिला.

त्यानंतर एका दुपारी तात्याराव जेवायला घरी आले ते नेहमीसारखे हसत आले नाहीत. हातपाय धुऊन पाटावर बसले. शेजारी दत्तरावांचं ताट मांडलेलं होतं. कस्तुराबाईनं भावासाठी म्हणून वांग्याचं भरीत केलं होतं, वर कच्चं तेल.

"बोरीचा माणिकराव आला हाय आज, ट्रॅक्टर घेऊन," तात्याराव म्हणाले. "माल मोकळा करायलाय काट्यावर."

दत्तरावांनी घास मोडला. "काय म्हणला? वेचणी कुठवर आली म्हणं?"

"तुमची वेचणी जोरात हाय. चतुराबाई सोता उभ्या हायेत रानात." तात्याराव जरा थांबले. "दत्तराव, त्या येक येळ जेवायल्यात म्हणं."

"कामून?"

"पोखर्णीच्या नरसिंहाला बोलल्यात. मालकाचे पाय जिमिनीला लागस्तोर येकच येळ खाईन म्हणून. दिवसभर कापूस येचायचा आन संध्याकाळी चावडीवर जायचं, रेडिओच्या बातम्या ऐकायला. विमान पडल्याची खबर न्हाई ना, येवढं ऐकायचं आन मंग घरी येऊन भाकर खायची. परवा रानात घेरी आली म्हणला त्यांना. बायांनी पाणी मारलं तोंडावर."

दत्तरावांच्या हातातला घास हातातच राहिला. समोरच्या भरितावर तेल चमकत होतं. इतके दिवस त्यांनी दोन वेळा पोटभर जेवण केलं होतं, वर शांतम्माचा काढा. आणि चतुरा तिकडं आभाळात बघत बसली होती. ते आभाळात नव्हतेच. त्यांचे पाय जमिनीवरून क्षणभरही उचलले गेले नव्हते.

त्यांनी घास ताटात ठेवला, ताटाला हात लावून नमस्कार केला आणि उठले.

"अरे, जेवून तरी…" कस्तुराबाई म्हणाली.

"न्हाई अक्का. निघतो. ट्रॅक्टर जाईन निघून."

"भगवानरावाला काय सांगताव?" तात्यारावांनी विचारलं.

"त्यांचं ते बघतेल."

पेटी उचलून ते दारातून बाहेर पडले. भर दुपारी, आळीतून, सगळ्यांसमोरून. शांतम्मा ओट्यावर तूर पाखडत होती. दत्तराव तिच्यापुढं थांबले आणि हात जोडून म्हणाले, "मावशी, मला ताप आलाच नव्हता. काढा मात्र लय चांगला होता." ती तोंडात पदर धरून बघत राहिली.

जिनिंगच्या फाटकात माणिकराव रिकामी ट्रॉली झटकत होता. त्यानं दत्तरावांना पाहिलं आणि त्याच्या हातातलं फावडं तसंच राहिलं.

"दत्तराव? आवो तुमी तर रशियात…"

"न्हाई गेलो. विमान चुकलं."

ते तोंडातून निघालं तेव्हा त्यांना नवल वाटलं. एवढंच तर होतं. यासाठी आपण इतके दिवस अंधारात बसलो होतो!

माणिकराव आ वासून बघतच होता. मग म्हणाला, "बसा की मंग." आणि दत्तराव ट्रॉलीत चढले. वाटेत माणिकराव सारखा मागं वळून बघायचा, हसू दाबायचा, पुन्हा पुढं बघायचा. शेवटी त्याला राहवेना. "आन येवढे दिस सेलूतच होता?" तो इंजिनच्या आवाजावरून ओरडला. दत्तरावांनी नुसती मान डोलावली. ट्रॉलीच्या फळ्यांना चिकटलेला कापूस वाऱ्यानं उडून त्यांच्या कोटावर, केसांत, भुवयांवर बसत होता. ते तो झटकत नव्हते.

त्यांचं रान रस्त्याला लागूनच होतं. ते तिथंच उतरले. दिवस कलायला आला होता. वेचणीच्या बाया ओळीनं वाकलेल्या, कमरेला ओट्या बांधलेल्या. सगळ्यांत आधी एका बाईनं पाहिलं, तिनं दुसरीला कोपरानं ढोसलं, आणि ओळभर कुजबुज पसरत गेली. चतुराबाई ओळीच्या टोकाला होती. ती सरळ उभी राहिली. चेहरा ओढलेला, डोळे आत गेलेले. ती धावत आली नाही, ओरडली नाही. ते जवळ येईपर्यंत तशीच उभी होती.

"कवा उतरलाव?" तिनं विचारलं.

"चढलोच न्हाई."

तिला कळेना. दत्तराव बांधावर बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं. जिंतूरचा मांडव, चारठाण्याची पंगत, चाक, मंठ्याची माणसं, फाटक, दिसणारं विमान, टपरी, माजघर. एकदाही न थांबता. एवढं सलग ते तिच्याशी लग्नानंतर कधी बोलले नसतील. बाया वेचायचं सोडून ऐकत होत्या, पण त्यांना त्याचं काही वाटलं नाही.

सांगून झाल्यावर चतुराबाईनं कमरेची ओटी सोडून खाली ठेवली. मग म्हणाली, "म्हंजी मी वर बघत व्हते आन तुमी सेलूला पोळ्या खायलता."

"व्हय."

"आन मला येका शब्दानं कळवलं न्हाई."

"न्हाई."

"माणूस हाव का कोण हाव?" आता तिचा आवाज चढला, आणि चढता चढता फुटला. तिनं पदर डोळ्यांना लावला. दत्तराव तिथंच बसून राहिले. तिला जे बोलायचं ते बोलू द्यायला हवं होतं, आणि ती बोलली. भगवानरावांना बोलली, जीपला बोलली, मास्तरच्या भाषणाला बोलली, सगळ्यांत जास्त नवऱ्याला बोलली. बायांपैकी एकीला हसू आवरेना, तिनं ओंजळ तोंडावर धरली.

मग चतुराबाई एकाएकी थांबली. शेजारच्या बाईकडं वळून म्हणाली, "तुही भाकर उरली का गं?"

त्या बाईनं फडकं सोडलं. अर्धी भाकरी होती, लसणाची चटणी होती. चतुराबाई बांधावर बसली आणि खायला लागली. रेडिओच्या बातम्यांना अजून वेळ होता. अर्ध्यातली अर्धी तिनं मोडून नवऱ्याच्या हातावर ठेवली. त्यांच्याकडं न बघता.

घरी येऊन दत्तरावांनी कोट खुंटीला अडकवला आणि ते बाजेवर आडवे झाले. त्यांना ठाऊक होतं, आता चार दिवस लोक येतील, हसतील, विचारतील. झालंही तसंच. पुढं कितीतरी दिवस लोक त्यांना 'रशियावाले' म्हणत, आणि दत्तराव समोर दिसले की भगवानराव रस्ता बदलत. पंचायत समितीला ते उभे राहिले नाहीत. पण ते सगळं नंतरचं. त्या घडीला दत्तरावांना एवढंच कळत होतं की बाजेची सुंभं पाठीला ओळखीची लागतायत आणि अंगातला शिणवटा थेंबाथेंबानं खाली उतरतोय.

डोळा लागता लागता अंगणात जीप थांबल्याचा आवाज आला. पाठोपाठ भगवानरावांचा आवाज, घाईतला.

"चतुराबाई, मालक आले म्हणं? जरा उठवता का? गावात बोभाटा व्हायच्या आत बोलायचं हाय."

"झोपलेत," चतुराबाई दारातून म्हणाली.

"आवो पण सत्काराचं समदं ठरल्यालं हाय, लोकाला काय सांगायचं…"

"त्यांचं विमान चुकवलंव तुमी. झोप तरी चुकवू नका. उद्या या."

दार लोटल्याचा आवाज झाला. दत्तराव कुशीवर वळले.